नजरेला इंग्रजी येत नाही

अक्का, काल तुमचे दिवस संपले, गंधमुक्ती झाली. मांडव उतरला, भाड्याने आणलेली पातेली परत गेली, पाहुणे आपापल्या एसट्यांनी निघून गेले. आज सकाळी घरात इतकी सामसूम होती की मी सवयीने दोघींचा चहा टाकला, ओतला आणि तुमच्या कपाकडे बघत बसले. शेवटी तो मीच प्यायले. चहा गार करून पिते म्हणून तुम्ही मला कायम बोलायचात. आज बोलायला कोणी नव्हतं.

यांचं म्हणणं होतं की पेपरात तुमच्या फोटोची चौकट द्यावी आणि त्याखालचा मजकूर मी लिहावा, कारण घरात शिकवणारी मी. मी सरळ नाही म्हटलं. मायाळू, धार्मिक, मनमिळाऊ असे शब्द त्या चौकटीत छापतात. त्यातला एकही शब्द तुम्हाला ऐकवला असता, तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असतात. मला तुमच्याबद्दल लिहायचं नाही, तुमच्याशीच बोलायचंय. जळगावच्या दवाखान्यात त्या दुपारी तुम्ही मला विचारलंत, "मी कसी हाये?" आणि मी खरं उत्तर न देता तुमच्या अंगावरची चादर सारखी करत बसले. संसारभर आपण सासूसुना एकमेकींना उत्तरं देत आलो, त्यातली निम्मी उलट उत्तरं. नेमकी त्या प्रश्नाला माझी वाचा बसली. ते उत्तर तुम्हाला दिल्याशिवाय मला शाळेत जाऊन फळ्यापुढे उभं राहता येईल असं वाटत नाही.

पण ते द्यायचं तर मला मागे जावं लागेल. धुळ्याची मुलगी मी, बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, लग्न होऊन असोद्याला आले आणि जळगावच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. सून पाहायला गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. तुम्ही मला त्यांच्यासमोर बसवलंत आणि माझ्यादेखत म्हणालात, "शिकेल हाये, पन कामाची नही. भाकरी थापते त त्याले कोपरे येतात." बायका हसल्या. मी मान खाली घातली आणि मनात म्हटलं, आपलं काही या घरात खरं नाही. पहिल्या सणाला माहेरी गेले तेव्हा वडिलांपाशी रडले. ते म्हणाले, "सासू शे ती, बोलसच. तू ऐकी न ऐक्यासारखं कर." बाकी बठ्ठं बरं शे ना, एवढं विचारून ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

मी ऐकून न ऐकल्यासारखं काही केलं नाही. तो माझा स्वभावच नव्हे. मी सगळं ऐकलं आणि मनात ठेवलं. पुढे तुम्ही माझ्या प्रत्येक गोष्टीला लोकांसमोर नावं ठेवत गेलात. माझा आवाज मोठा, माझ्या भाजीत मीठ कमी, माझं चालणं पुरुषी. घरात आपण दोघीच असताना मात्र माझ्या डब्यात तुम्ही स्वतःच्या हाताने तूप घालायचात आणि मला बस मिळावी म्हणून माझ्या वाटणीचा झाडूही मारून टाकायचात. मला हे दोन हिशेब कधी जुळवता आले नाहीत. तोंडाने एक आणि हाताने दुसरं, असं माणूस का वागतं?

त्याचं उत्तर मला माझी सोनल आजारी पडली तेव्हा अर्धंमुर्धं मिळालं. पोर शाळेत जायच्या वयाचीही नव्हती आणि तिला मुदतीचा ताप आला. टायफॉईड. आपण दोघी तिच्या उशाशी आळीपाळीने बसायचो. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिचा ताप उतरला आणि तिने स्वतःहून पेज मागितली. मला इतका आनंद झाला की दारात शेजारच्या कमळाबाई उभ्या होत्या त्यांना मी ओरडून सांगितलं, "आज चांगली आहे हो पोर! एकदम चांगली!" तुम्ही चुलीपुढून उठून आलात आणि माझा दंडच धरलात. संध्याकाळी ताप पुन्हा चढला. त्या आजारात तो तसा चढतोउतरतोच, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. तुम्हाला ते पटणार नव्हतं. मीठ-मोहरी आणि मिरच्या ओवाळून तुम्ही चुलीत टाकल्यात. मिरच्यांचा ठसका आला नाही, तेव्हा तर तुमची खात्रीच झाली.

"चांगलं म्हनू नही व माय," तुम्ही म्हणालात. "आजारी मानसाले चांगलं म्हनू नही, लेकराले गुटगुटीत म्हनू नही, बागेले बहरली म्हनू नही. नजर टपेल असते."

मी दमलेली होते, चिडलेली होते, आणि शिकलेली असल्याचा मला माज होता. मी म्हटलं, "मग काय म्हणायचं? कोणी विचारलं तर तोंडाला कुलूप लावायचं? बरं, इंग्रजीत सांगू का?"

मी टोमणा मारला होता. तुम्ही तो टोमणा म्हणून घेतलाच नाहीत. तुम्ही विचारात पडलात. हातातली मिठाची वाटी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "इंग्रजी गावात कोनाले समजते? नजरेले कुठून येईन? सांग इंग्रजीत. काय म्हनतात?"

"बेटर," मी म्हटलं.

"बेटर," तुम्ही म्हणालात. आपल्या खेड्यातल्या जुन्या बायका 'केळी'ला 'केयी' म्हणतात, डोळ्याला डोया म्हणतात, पण तुम्ही तो शब्द पहिल्याच झटक्यात असा स्वच्छ उच्चारलात की माझ्या वर्गातल्या मुलींना तुमच्यापुढे आणून बसवावं. पुढच्या वेळी सोनलचा ताप उतरला तेव्हा तुम्ही अंगणातून मला नुसत्या भुवया उडवून विचारलंत आणि मी म्हटलं, "बेटर." ताप मग परत आला नाही. तो औषधाने गेला, असं मी आजही म्हणते. तुम्ही म्हणायचात, "औषधानं गेला, पन बेटरनं परत येऊ देला नही."

तेव्हापासून हा शब्द आपल्या घरचा झाला. तुम्हाला इंग्रजीतलं दुसरं काही शिकायचं नव्हतं. स्टेशन, तिकीट, इंजेक्शन सगळ्यांना येतं तेवढंच. पण हा एक शब्द तुम्ही तिजोरीत ठेवल्यासारखा वापरलात. म्हैस व्यायली आणि दोघं सुखरूप असली की बेटर. लोणच्याला तेल सुटलं की बेटर. मामंजींचा खोकला बसला की बेटर. कपाशीला बोंडं धरली की बांधावरून येऊन हळूच माझ्या कानात, बेटर. आणि तुमचा एक नियम होता, तो तुम्ही कधी बोलून दाखवला नाहीत पण मोडलाही नाहीत. खरोखर तसं असेल तरच तो शब्द काढायचा. बाकी बोलण्यात आपण सगळेच थोडंफार इकडचं तिकडे करतो. त्या शब्दाच्या बाबतीत तुम्ही तसं चालू दिलं नाहीत.

मला आठवतं, मी नववीच्या मुलींना याच शब्दाचे वाक्प्रचार शिकवत होते. संध्याकाळी तुम्ही शेंगा फोडत बसायचात आणि मी वह्या तपासायची. "आज काय शिकवलं पोरीयले?" हा तुमचा रोजचा प्रश्न. त्या दिवशी मी म्हटलं, "आपलं बेटर." तुम्ही दचकलात. मी समजावलं की तो शब्द इंग्रजांच्या घरीही असतो, तिथे त्याच्या पुष्कळ खोड्या आहेत. नवरा बायकोला बेटर हाफ म्हणतो, म्हणजे आपल्यातला चांगला अर्धा भाग. तुम्ही शेंग तोंडात टाकलीत आणि मामंजी झोपले होते त्या खाटेकडे पाहिलंत. "म्हंजे उरेल अर्धा कसा, ते त्यायलेही ठाऊक हाये," असं म्हणालात. मग 'यू हॅड बेटर गो'. वरवर सल्ला आहे, पण आत धमकी, गेलास तर बरं, नाहीतर बघ. तुम्ही म्हणालात, "हे माह्या सासूचं बोलनं. ती इंग्रज होती काय?"

'बेटर लेट दॅन नेव्हर' तुम्हाला मुळीच आवडलं नाही. अजिबात न येण्यापेक्षा उशिरा येणं बरं. तुमचं म्हणणं, स्वयंपाक झाकून ठेवल्यावर येणाऱ्या पाहुण्यानंच हे रचलेलं दिसतं. मी आपली नाही मामापेक्षा काणा मामा बरा ही म्हण सांगितली, तर तुम्ही म्हणालात, "त्या काण्या मामाले कोनी इचारलं का?" आणि इंग्रजांच्या लग्नात नवरानवरी 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' अशी शपथ घेतात, बऱ्यात आणि वाईटात साथ देऊ, हे सांगितल्यावर तुम्ही शेंगा फोडणं थांबवलंत. टरफलं सुपात गोळा केलीत. मग म्हणालात, "आमाले असं कोनी म्हनायले लावलं नही. पन केलं तेच." दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वर्गात सांगितलं. माझ्या मुलींना तो शब्द आयुष्यात विसरता येणार नाही. परीक्षेत एकीने बेटर हाफचा अर्थ 'जिच्यामुळे उरलेल्या अर्ध्याची लायकी कळते ती' असा लिहिला होता. मी तिला पूर्ण गुण दिले आणि ते मुख्याध्यापकांना पटले नाहीत.

पण एका बाबतीत तुम्ही त्या शब्दाशी कायम भांडलात. बेटर म्हटलं की कोणापेक्षा तरी, हे मी तुम्हाला सांगून बसले. "कोनापेक्षा?" तुम्ही विचारलंत. "म्हंजे तुमच्या इंग्रजीले कोनीतरी खाली लागतेच?" मी म्हटलं, आजारात कालच्यापेक्षा आज, असं. "मंग ठीक," तुम्ही म्हणालात. माणसाला माणसापेक्षा मात्र तुम्ही तो शब्द लावू दिला नाहीत. तुलना चालायची ती फक्त वांग्याच्या भरताची.

जळगावचं भरीत बेटर की धुळ्याचं, हा आपला खटला कुठल्याच कोर्टात निकाली निघाला नाही. थंडी पडली की तुम्ही ती पांढरट हिरवी, हातभर वांगी आणायचात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायचात. मग लाकडी बडगीत घालून मिरच्या आणि कांद्याच्या पातीसकट अशा ठेचायचात की आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी दरवर्षी जेवताना म्हणायचे, आमच्या धुळ्याचं याहून तिखट असतं. तुम्ही म्हणायचात, "तिखट म्हंजे चांगलं नही. तुमच्या शे-शेवाल्याले जिभाच कुठं हायेत?" आणि माझ्या ताटात अजून एक डाव वाढायचात. या वर्षीची थंडी आली, वांगीही आली आणि तुम्ही दवाखान्यात होतात. काल दुखवट्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने भरताचं नाव काढलं, तेव्हा मी तिला नको म्हटलं. खरं सांगायचं तर जळगावचंच बेटर होतं. हे मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

एकदा तुमच्या बेटरने धोकाही दिला होता. केळीचा बाग त्या वर्षी असा आला होता की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. तुम्ही काळं मडकं टांगलंत, त्यावर चुन्याने डोळे काढलेत, आणि मला बागेत नेऊन एका घडावर हात ठेवून म्हणालात, "बेटर." उन्हाळा सरता सरता वादळ आलं आणि अख्खा बाग आडवा झाला. सगळे डोक्याला हात लावून बसले होते. मला तेव्हाही जीभ आवरली नाही. "अक्का, नजरेला इंग्रजी यायला लागलं वाटतं," मी म्हटलं. तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही पडलेल्या खोडांवरून पाय टाकत चालत होतात, थांबलात आणि म्हणालात, "वारा आंधया असते. त्याले नजर नही. त्याच्यापुढं कोनतीच भाषा चालत नही." मग वाकून पडलेल्या घडांतले कुठले वाचतील ते बघायला लागलात. मी ते वाक्य त्या वेळी ऐकून सोडून दिलं होतं.

आपलं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. शाळेत मला पर्यवेक्षिका करायचं ठरत होतं. मी घरी येऊन सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बायकांमध्ये तुमचा आवाज ऐकला, "हिले कोन मोठी बाई करते? वर्गातल्या पोरी आवरत नहीत, मास्तरीन्या आवरीन?" मी दप्तर तिथेच ठेवलं आणि बायका उठून गेल्यावर तुमच्यासमोर उभी राहिले. आयुष्यात एकदा तरी चारचौघांत मला चांगलं म्हणा, असं मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मामंजी आतून बाहेर डोकावले होते.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "चांगलं म्हनायले लोक हायेत. घरच्यानं म्हनू नही."

"नजर लागते म्हणून? मी काय तान्हं बाळ आहे?"

"तुले नही समजत," तुम्ही म्हणालात आणि उठून गेलात. नंतर कितीतरी दिवस आपण कामापुरतं बोललो. डब्यातलं तूप मात्र चुकलं नाही. ते भांडण मिटलं नाही, नुसतं मागे पडलं. मी पर्यवेक्षिका झाले, तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत आणि प्रत्येक दारात म्हणालात की शाळेला दुसरं कोणी मिळालं नसेल. मला पुन्हा राग आला होता. अक्का, तो राग मला आज हवाय. रागवायला समोर माणूस लागतं.

आणि मग तुमचं पोट दुखायला लागलं. तुम्ही ते कितीतरी दिवस ओव्यावर आणि हिंगावर काढलंत. जळगावला नेलं तेव्हा डॉक्टरांनी यांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ पसरली आहे, आता दुखणं कमी करण्यापलीकडे फारसं काही हातात नाही. घरी सगळ्यांनी ठरवलं की तुम्हाला कळू द्यायचं नाही. आपल्याकडे असंच ठरतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही मान हलवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं की ती मूठ रोज तुमच्यासमोर मलाच झाकायची आहे.

डॉक्टर सकाळी फेरीला यायचे, सगळ्याच खाटांपाशी थांबून म्हणायचे, "आजी, बेटर! आज बेटर!" पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तुम्ही चमकून माझ्याकडे पाहिलंत. डॉक्टर पुढे गेल्यावर मला जवळ बोलावलंत आणि हळूच विचारलंत, "आपला शब्द त्याले कोनं सांगितला?" मला हसू आलं आणि लगेच रडूही, आणि मी दोन्ही गिळलं. तुमच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता. तुम्हाला वाटलं, आपल्या घरचा शब्द आहे, तो खोटा कसा असेल?

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी दवाखान्यात यायची आणि तुम्ही भुवया उडवून विचारायचात. तशाच, जशा सोनलच्या तापात अंगणातून विचारायचात. मी म्हणायची, "बेटर." तुम्ही मान हलवायचात. मला कुठलंही दुसरं खोटं चाललं असतं. रंग चढलाय तोंडावर, म्हणाले असते. पंधरवड्यात घरी जाऊ, म्हणाले असते. पण तुम्ही मागायचात तो एकच शब्द, आणि मी तो रोज द्यायची. हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन नळापाशी उभी राहायची.

मग ती दुपार. शेजारच्या खाटेवरची बाई घरी गेली होती, खोलीत आपण दोघीच. मी संत्रं सोलत होते. तुमच्या तोंडात एक फोड दिली, ती तुम्ही नुसती धरून ठेवलीत, गिळवत नव्हती. मग काढून माझ्या हातावर ठेवलीत.

"मी कसी हाये?" तुम्ही विचारलंत. या वेळी भुवया उडवल्या नाहीत.

"बेटर," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. तुमचे डोळे किती खोल गेले होते. "आता मराठीत सांग," तुम्ही म्हणालात. "आता काय नजर लागीन मले? मराठीत सांग, पोरी."

मला तुम्ही त्याआधी कधी पोरी म्हणाला नव्हतात. मी तोंड उघडलं. मी फळ्यापुढे उभी राहून आयुष्यभर बोलत आलेली बाई, माझ्याकडे त्या क्षणी मराठीतला एकही शब्द नव्हता. मी चादर सारखी केली. पायथ्याशी सारखी केली, मग उशीपाशी सारखी केली. तुम्ही वाट पाहिलीत. खूप वेळ पाहिलीत. मग डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बरं."

एवढंच. बरं. त्यात राग नव्हता, ते मला कळलं. आपण एखाद्याला उत्तरासाठी अडवून धरावं आणि मग त्याची दया येऊन सोडून द्यावं, तसं तुम्ही मला सोडलंत. त्यानंतर तुम्ही बहुतेक वेळ झोपेतच होतात. मला वाटत राहिलं की जाग आली की सांगू. तशी जाग आलीच नाही.

तुम्ही गेल्यावर दारावर बायका येऊन बसत होत्या, तेव्हा मी कोणाशी नीट बोलत नव्हते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कमळाबाई बाकीच्या बायका गेल्या तरी मागे थांबल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग विचारलं, "बाई, एक इचारू का? ते बेटर म्हंजे काय व?"

मी म्हटलं, "का हो?"

"अक्का तुह्याबद्दल म्हने. तू शाळेत गेली का आम्ही ओट्यावर बसायचो. कोनी इचारलं, सून कसी हाये, त आधी तुले नावं ठेवे. आम्ही त हसायचो. मंग उठता उठता म्हने, पन बेटर हाये. दरवेळी म्हने. काय म्हंजे, आमाले समजेच नही. इचारलं त म्हने, ते इंग्रजी हाये, तुमाले काय कराचं हाये? आमाले वाटे, तुले भाकरी येत नही त्याचंच इंग्रजी असीन."

अक्का, मी कमळाबाईंसमोर नाही रडले. त्या गेल्यावर स्वयंपाकघरात गेले, तुमच्या तुपाच्या बरणीचं झाकण उघडलं आणि तिथे उभी राहून रडले. खरोखर तसं असेल तरच तो शब्द काढायचा, हा तुमचाच नियम. माणसाला माणसापेक्षा लावायचा नाही, हाही तुमचाच. माझ्यासाठी तुम्ही तो उभ्या गल्लीत वापरत होतात, इतकी वर्षं, माझ्या पाठीमागे, सगळ्यांसमोर, आणि कोणालाही कळू न देता. मी मागितलं होतं ना तुमच्याकडे, चारचौघांत एकदा चांगलं म्हणा म्हणून? तुम्ही म्हणत होतात. मी शाळेत होते.

आता मी कुठे जाऊ ते भांडण मिटवायला? सोनल मघाशी विचारत होती, आई, काय लिहितेस. मी सांगितलं, अक्कांना उत्तर लिहितेय. ती म्हणाली, इंग्रजीत? तिला वाटतं तिच्या आजीला थोडं इंग्रजी येत होतं.

नाही, मराठीत. ओट्यावर बसूनच लिहितेय, दार सताड उघडं आहे, समोरून माणसं येताहेत जाताहेत. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. त्या दुपारी तुम्ही विचारलंत ना, मी कशी आहे? अक्का, तुम्ही बऱ्या नव्हतात. बऱ्या होणारही नव्हतात. आणि तुम्ही चांगल्या होतात. फार चांगल्या होतात. आता लागायची असेल ती नजर लागू दे.